पंधरा किलोची माउंटन बाइक हलकी करताना : प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, सातारा

पाऊस ओसरल्यावर मुलीची माउंटन बाइक आज अंगणात धुऊन, पूर्ण वाळवून, सामान मोजण्याच्या आकडी-काट्याला टांगली, तेव्हा काट्याने १५.३४ किलो दाखवले. हा काटा दहा ग्रॅमपर्यंत वाचतो. सुट्या भागांसाठी स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत वाचणारा काटा वापरायचा आहे. दोन्ही काटे आमच्या पेठेतील किराणा दुकानातल्या शिक्का मारलेल्या वजनांनी तपासून घेतले. मोठा काटा दोन किलोला बरोबर उतरला, लहान काटा मात्र एका किलोला दोन ग्रॅम जास्त दाखवतो, म्हणून त्याची प्रत्येक नोंद त्या प्रमाणात दुरुस्त करून येथे लिहिणार आहे.

मुलगी सतरा वर्षांची असून तिचे वजन ५२ किलो आहे. म्हणजे जी सायकल ऐंशी किलोच्या माणसाच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी भरते, तीच हिच्या वजनाच्या जवळजवळ तीन दशांश भरते. यवतेश्वरचा घाट चढताना तिची होणारी दमछाक मी वर्षभर पाहते आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेवर जेथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते, तेथे तर तिला दर वीस-पंचवीस पावलांवर थांबावे लागते. नवी हलकी सायकल घेण्याइतके पैसे एकरकमी काढणे आम्हाला शक्य नाही, म्हणून आहे तीच सायकल टप्प्याटप्प्याने हलकी करायची असे आम्ही दोघींनी ठरवले. माझी अट एकच आहे : या कामाच्या शेवटी सायकलचा कोणताही भाग आज आहे त्यापेक्षा कमकुवत झालेला नसावा. औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी काम करते आणि तुटून परत आलेले भाग माझ्याच टेबलावर येतात, त्यामुळे धातू कसा तुटतो हे मला रोज पाहायला मिळते.

९ ऑक्टोबर

भाग सोडवण्याआधी प्रत्येक भागापुढे दोन प्रश्न लिहून काढले. पहिला प्रश्न असा, की हा भाग तुटला तर स्वाराचे काय होईल? दुसरा असा, की या भागातील धातू सगळीकडे सारखे काम करतो आहे, की काही ठिकाणी नुसता बसून आहे? सीटचे कातडे फाटले तर गैरसोय होते, चेन तुटली तर चालत घरी यावे लागते. पण हँडल, स्टेम (हँडल पकडून ठेवणारा तुकडा), फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याचा) वरचा दांडा किंवा पुढचे चाक उतारावर तुटले तर स्वार तोंडावर आपटतो. या शेवटच्या चार ठिकाणी वजनासाठी जाडी कमी करायची नाही, एवढे आजच ठरवले.

दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा आहे. हँडलच्या टोकाला हाताने दाब दिला, तर त्याला वाकवणारा जोर टोकाशी जवळपास शून्य असतो आणि स्टेमच्या पकडीजवळ सर्वांत जास्त असतो. म्हणून पकडीजवळ नळी जाड व टोकाकडे पातळ ठेवली, तर हँडल हलके होते आणि जेथे ते तुटायचे तेथे तसूभरही दुबळे होत नाही. हीच रीत स्पोकला, सीटपोस्टला (सीटखालच्या नळीला) आणि सांगाड्याच्या चांगल्या नळ्यांनाही लागू आहे. कळकाचा पेरा पोकळ असतो आणि गाठ भरीव असते, ते ज्याने नीट पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सांगाडा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश आणि ताठपणाही एक तृतीयांशच असतो, म्हणून त्याच्या नळ्या मोठ्या व्यासाच्या घ्याव्या लागतात. व्यास वाढला की वाकण्याला होणारा विरोध त्याच्या कितीतरी पटींनी वाढतो. परंतु ॲल्युमिनियमचा एक स्वभाव आहे, तो विसरून चालत नाही. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्योलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीचे आस पुन्हा पुन्हा वाकवून पाहिले आणि त्यातून हे स्पष्ट झाले, की एका झटक्यात जो भार धातू सहज पेलतो, त्याहून बऱ्याच कमी भारानेही तो लाखो वेळा वाकवल्यावर तुटतो. साध्या पोलादाला अशी एक मर्यादा असते, की तिच्याखालचा ताण ते जवळपास अमर्याद वेळा सोसू शकते. ॲल्युमिनियमला तशी स्पष्ट मर्यादा नाही. प्रत्येक हिसका त्याच्या आयुष्यातून काहीतरी वजा करतोच. सायकलच्या सुरक्षिततेचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक सांगाड्यावर पेडल मारण्याचा भार एक लाख वेळा देऊन पाहायला सांगते, त्याचे कारण हेच. ज्या सांगाड्याने कारखान्यातून निघताना अशा परीक्षेला उतरावे अशी अपेक्षा असते, त्याला घरी कानस लावून किंवा भोक पाडून आपण ती परीक्षाच रद्द करतो. म्हणून सांगाड्याला हात लावायचा नाही. रंग खरवडून शंभरेक ग्रॅम वाचतात हे खरे असले, तरी साताऱ्याच्या पावसाळ्यात तो रंगच धातूचे पांघरूण आहे.

संध्याकाळी मुलीने विचारले, “आई, जुन्या रेसच्या सायकलींच्या क्रँकला ओळीने भोकं पाडलेली असतात, तशी आपण पाडली तर?” १९७०च्या दशकात ही हौस खरोखरच पसरली होती. मी तिला वहीतच हिशेब करून दाखवला. तेरा मिलिमीटर जाडीच्या क्रँकमध्ये, म्हणजे पेडलच्या दांड्यात, आठ मिलिमीटरचे आरपार भोक पाडले, तर सुमारे पावणेदोन ग्रॅम ॲल्युमिनियम निघते. उलट, ताणलेल्या पत्र्यातील गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो, हे एर्न्स्ट गुस्ताव कीर्श यांनी १८९८ साली गणिताने दाखवून दिलेले आहे. पावणेदोन ग्रॅमसाठी तिप्पट ताण. तिने स्वतःच त्या ओळीवर काट मारली.

१३ ऑक्टोबर

सुरुवातीच्या वेळा घेऊन झाल्या. राजवाड्यापासून यवतेश्वरच्या देवळापर्यंत मुलगी तीन वेगवेगळ्या सकाळी चढली. मनगटावरच्या पट्ट्यात नाडीचे ठोके मिनिटाला १६५च्या आसपास ठेवायचे असे ठरले होते. वेळ अनुक्रमे ४१ मिनिटे २० सेकंद, ४० मिनिटे ५५ सेकंद आणि ४१ मिनिटे ३० सेकंद आली. सरासरी ४१ मिनिटे १५ सेकंद.

स्टँड (२९० ग्रॅम) आणि मागच्या चाकातील प्लॅस्टिकची तबकडी (५० ग्रॅम) काढली. तबकडी काढण्याआधी डिरेलरचा (चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) आतल्या बाजूचा स्क्रू नीट लावून घेतला, कारण चेन स्पोकमध्ये जाऊ नये यासाठीच ती बसवलेली असते. घंटी आणि मागचा लाल परावर्तक राहू दिला. क्लासवरून येताना तिला पोवई नाक्याच्या गर्दीतून यावे लागते, तेथे या दोन वस्तूंचे वजन मोजायचे नसते. सायकल आता पंधरा किलोला उतरली.

२७ ऑक्टोबर

आज दिवसभर गिअरचा विचार केला, कारण पुढच्या तीन चक्र्या काढून एक ठेवणे हा सर्वांत मोठा आणि तसा निर्धोक मार्ग दिसतो. परंतु हलकी सायकल चढावर जड गिअरने ओढावी लागली तर सगळेच वाया जाईल, म्हणून आधी सर्वांत हलका गिअर पाहिला. पुढे २२ आणि मागे ३४ दाते असताना पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ०.६४७ फेरे घेते. पुढे एकच ३० दात्यांची चक्री ठेवून मागे ११ ते ४६ दात्यांचा कॅसेट (मागच्या चक्र्यांचा संच) घातला, तर हा आकडा ०.६५२ होतो. २९ इंची चाकाचा आमच्या टायरसह परीघ २.२८ मीटर भरला. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्याला पूर्वी १.४८ मीटर आणि आता १.४९ मीटर अंतर कापले जाईल. हा फरक पायाला कळणारा नाही. बत्तीस दात्यांची चक्री दुकानात सहज मिळत होती, पण तिने हाच आकडा ०.६९६ होतो आणि घाटातल्या शेवटच्या वळणांवर तो नक्की जाणवला असता, म्हणून तीस दात्यांचीच मागवली.

वेगाच्या बाजूला मात्र आम्ही काहीतरी सोडतो आहोत, हेही लिहून ठेवते. पूर्वी ४० आणि ११ दात्यांवर एका फेऱ्याला ८.२९ मीटर जाता येत होते, आता ६.२२ मीटर जाता येईल. मिनिटाला नव्वद फेरे मारले तर ताशी साधारण साडेतेहतीस किलोमीटरनंतर पाय मोकळे फिरू लागतील. महामार्गावर शर्यत लावणाऱ्याला हे परवडणार नाही. यवतेश्वर उतरताना मात्र पेडल मारावेच लागत नाही.

४ नोव्हेंबर

भाऊबीज झाल्यावर सायकल मिस्त्रींच्या दुकानात नवे भाग बसवले. निघालेल्या मालाचे वजन असे : तीन पोलादी चक्र्यांसह क्रँक १,०१० ग्रॅम, बीबी (क्रँकचा आस आणि त्याचे बेअरिंग) २९५, पुढचा डिरेलर १६५, डावीकडचा शिफ्टर (गिअर बदलण्याचा खटका) १५०, त्याची वायर व नळी ७५, एकूण १,६९५ ग्रॅम. त्याच्या जागी पोकळ पोलादी आसाची क्रँक, एक चक्री आणि बाहेरच्या बेअरिंगची बीबी मिळून ८१० ग्रॅम आली. ८८५ ग्रॅम वाचले असे म्हणावेसे वाटते. पण मागचा मोठा कॅसेट जुन्यापेक्षा १३० ग्रॅमने आणि चेन ताणून धरणारा नवा डिरेलर ४५ ग्रॅमने जड आहे, म्हणून खरी बचत ७१० ग्रॅम. वजन कमी केल्याचे सांगणारे बहुतेक लोक ही दुसरी ओळ लिहीत नाहीत.

या जागी मजबुती कमी झाली नाही, उलट वाढली. जुना चौकोनी आस बीबीच्या कवचाच्या आत मावायचा म्हणून बारीक आणि भरीव होता. नवा आस २४ मिलिमीटर व्यासाचा, पोकळ आहे आणि त्याचे छर्रे कवचाच्या बाहेर, एकमेकांपासून दूर बसतात. मुरगळण्याचा जोर नळीच्या बाहेरच्या थरालाच पेलावा लागतो, मधला धातू जवळजवळ काहीच करत नाही. सायकल १४.२९ किलो.

१७ नोव्हेंबर

चाकांचा दिवस. हब (चाकाचे मधले तुंबे) जुनेच ठेवले, कारण त्यांचे छर्रे आणि वाट्या तपासल्यावर खड्डे दिसले नाहीत. फक्त ग्रीस बदलले. रिम प्रत्येकी ६२० ग्रॅमच्या होत्या, त्या जागी ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवायचे, टायर बसणाऱ्या ४६५ ग्रॅमच्या घेतल्या. दोन्ही चाकांना मिळून ६४ स्पोक आहेत. जुने सरसकट दोन मिलिमीटर जाडीचे होते, नवे दोन्ही टोकांना दोन आणि मध्ये १.८ मिलिमीटरचे आहेत. चौसष्ट जुन्या स्पोकचे वजन ४६१ ग्रॅम, नव्यांचे ३९१. सत्तर ग्रॅम आणि रिमचे ३१० मिळून ३८० ग्रॅम वाचले.

मिस्त्री पहिल्यांदा या पातळ स्पोकना तयार नव्हते. ते म्हणाले, “ताई, पोरीचं चाक आहे, कशाला बारीक तारा घालताय? जाड घाला, बिनघोर राहा.” त्यांची काळजी मनापासूनची होती, म्हणून मी त्यांच्याच कपाटातले तुटलेले स्पोक बाहेर काढायला सांगितले. जवळजवळ सगळे हबच्या भोकाजवळच्या वळणावर किंवा रिमकडच्या निपलच्या (स्पोक आवळण्याच्या नटाच्या) आट्यांशी तुटलेले होते. मधोमध तुटलेला एकही नव्हता. चाक फिरताना जमिनीकडे येणाऱ्या स्पोकवरचा ताण क्षणभर कमी होतो आणि पुन्हा भरतो, आणि हा चढउतार हजारो फेऱ्यांत वळणाला थकवतो. स्पोकचा मधला भाग पातळ असला, की तो रबरासारखा थोडा जास्त ताणला जातो, एकाच स्पोकवर आलेला धक्का शेजारच्या स्पोकमध्ये वाटला जातो आणि वळणाचे हाल कमी होतात. येथे धातू काढल्याने चाक टिकाऊ होते. मिस्त्रींनी तुटलेल्या स्पोकची ती जुडी पुन्हा एकदा चाळून पाहिली आणि मगच चाक भरायला घेतले. ते चाकाचा औट (डगमग) काढत असताना मी शेजारी बसून होते; त्यांच्या बोटांना जो फरक कळतो तो माझ्या डायल गेजला दिसायला वेळ लागतो.

निपल पितळीच ठेवले. ॲल्युमिनियमचे घेतले असते तर आणखी चाळीसेक ग्रॅम वाचले असते, पण पोलादी स्पोकभोवती ॲल्युमिनियम, त्यावर महिनोन्‌महिने ओलावा आणि आत भोके बुजवणारे ट्यूबलेसचे द्रव, असा संयोग झाला की निपल गंजून ठिसूळ होतात. चार महिने पाऊस पडणाऱ्या गावात हे चाळीस ग्रॅम मला नकोत.

एक गैरसमज मुलीलाही होता, तो आज दूर केला. चाकाच्या कडेचा एक ग्रॅम सांगाड्याच्या तीन-चार ग्रॅमइतका असतो असे सर्रास म्हटले जाते. वेग वाढवताना तो ग्रॅम पुढेही जातो आणि फिरतोही, म्हणून त्याला लागणारी ऊर्जा जास्तीत जास्त दुप्पट होते, त्याहून अधिक नाही. आणि एकसारख्या वेगाने घाट चढत असताना तर तो सांगाड्याच्या ग्रॅमइतकाच असतो. सायकल १३.९१ किलो.

२४ नोव्हेंबर

तारेच्या काठाचे जुने टायर ८९० व ८७५ ग्रॅमचे होते. घडी होणारे नवे टायर प्रत्येकी ६९० ग्रॅमचे आले. दोन ट्यूब मिळून ४६५ ग्रॅम होत्या. त्यांच्या जागी रिमची पट्टी, व्हॉल्व्ह आणि दोन्ही चाकांत प्रत्येकी नव्वद मिलिलिटर द्रव मिळून २२५ ग्रॅम झाले. एकूण बचत ६२५ ग्रॅम, सायकल १३.२८५ किलो. हवा मागे २२ आणि पुढे २० पीएसआय ठेवली आहे; ट्यूब असताना इतक्या कमी हवेत दगडावर आपटून ट्यूब दोन ठिकाणी चावली जात असे.

१ डिसेंबर

मागचा टायर फाटला. यवतेश्वरच्या पुढे कासच्या रस्त्याला लागून गावाकडे उतरणाऱ्या एका कच्च्या वाटेने मुलगी येत होती. (कासच्या फुलांच्या पठारावर सायकल घालायची नाही, हा घरातला नियम आहे आणि तो तिने मोडलेला नाही.) वरच्या अंगाचा सगळा दगड जांभा आहे. घाटातला काळा पाषाण घासून गुळगुळीत होतो, पण जांभ्याला भोके असतात, तो ढलप्या निघून तुटतो आणि त्याच्या कडा करवतीसारख्या राहतात. टायरच्या बाजूच्या भिंतीला साडेतीन सेंटिमीटरची उभी चीर पडली, द्रव सगळा वाहून गेला, आणि तिला चार किलोमीटर सायकल ढकलत रस्त्यापर्यंत यावे लागले.

चूक माझी आहे. मी टायरचे वजन पाहिले, रबराची पकड पाहिली, पण भिंतीचे कापड बोटांनी चाचपून पाहिले नाही. पहिल्या नोंदीतली अट मीच मोडली. जुना जड टायर या दगडांवर दोन वर्षे चालला होता. मागे आता त्याच मापाचा, पण भिंतीला विणलेल्या कापडाचा जादा थर असलेला ७९० ग्रॅमचा टायर घातला. पुढचा राहू दिला, कारण पुढचे चाक ती दगड पाहून वळवते आणि मागचे चाक बिचारे मागून ओढले जाते. शंभर ग्रॅम परत चढले. १३.३८५ किलो. सायकलवर आता एक सुटी ट्यूब आणि टायरच्या आतून लावायचा कापडाचा तुकडाही कायम असतो, पण ते पिशवीत असल्याने वजनात धरत नाही.

१५ डिसेंबर

फोर्क, ज्याला मिस्त्री अजूनही चिमटाच म्हणतात. जुना पोलादी स्प्रिंगचा फोर्क २,५९० ग्रॅमचा, म्हणजे सांगाड्यापेक्षाही जड. त्याची आणखी एक अडचण अशी, की त्यातली स्प्रिंग पंचाहत्तर किलोच्या माणसासाठी असावी. मुलीच्या वजनाखाली १०० मिलिमीटरपैकी जेमतेम चाळीस मिलिमीटर दबत असे. अडीच किलो लोखंड ती घाटावर वाहून नेत होती आणि उतारावर त्यातले अर्ध्याहून अधिक काम तिच्या वाट्याला येतच नव्हते.

हवेच्या दाबावर चालणारा नवा फोर्क आमच्या आवाक्याबाहेरचा होता. पुण्यातल्या एका सायकलस्वाराकडून वापरलेला अकरा हजारांना मिळाला. दबण्याचा प्रवास १०० मिलिमीटर, वरचा दांडा आमच्या सांगाड्याला लागतो तसाच सरळ, सव्वा इंचाहून किंचित बारीक, म्हणजे २८.६ मिलिमीटरचा. लांबी वेगळी असती तर घेतला नसता. फोर्क वीस मिलिमीटरने उंच झाला तर पुढचा कोन साधारण एका अंशाने मागे कलतो आणि शिवाय लांब तरफेमुळे सांगाड्याच्या पुढच्या वेल्डवर जास्त जोर येतो. ज्या वेल्डला मी हात लावायचा नाही असे म्हणते, त्याच्यावर असा आडून भार टाकणे योग्य नव्हे.

वापरलेला भाग आणि तोही तुटला तर स्वाराला पाडणारा, म्हणून साहेबांची परवानगी घेऊन पाळी संपल्यावर कारखान्यातच त्याची डाय पेनेट्रंट तपासणी केली. क्राउन (फोर्कचे दोन पाय जोडणारा वरचा तुकडा) आणि दांडा जेथे दाबून बसवलेले असतात ती जागा तेल निघेपर्यंत पुसली, लाल रंगद्रव लावले, दहा मिनिटे मुरू दिले, कापडाने पुसून काढले आणि पांढरी पूड फवारली. भेग असली तर तिच्यात शिरलेला लाल रंग त्या पांढऱ्या थरावर हळूहळू उमटतो. क्लीनर थेट भागावर फवारायचा नसतो, कापडावर घ्यायचा असतो. नाहीतर भेगेतलाच रंग धुऊन निघतो आणि भाग निर्दोष असल्याचा भ्रम होतो. पंधरा मिनिटे मी दिव्याखाली ती जागा पाहत राहिले. रेघ उमटली नाही. दुसऱ्यांदा स्वच्छ करून पुन्हा केली, तेव्हाही नाही.

ही तपासणी रंग दिलेल्या पृष्ठभागावर विश्वासार्ह नसते, कारण रंगच भेगेचे तोंड झाकून टाकतो. म्हणून सांगाड्याच्या वेल्डसाठी मी भिंग आणि तिरपा प्रकाश वापरला आणि रंगाला कोठे केसासारखी चीर गेली आहे का एवढेच पाहिले. तेथेही काही आढळले नाही.

फोर्क १,८४० ग्रॅम. बचत ७५० ग्रॅम, सायकल १२.६३५ किलो. दाब मुलीच्या वजनाला जुळवून ती नुसती बसल्यावर वीस मिलिमीटर खाली जाईल असा ठेवला. अजिंक्यताऱ्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटेवरून उतरून आल्यावर, फोर्क किती दबला हे दाखवणारे दांडीवरचे रबरी कडे ८६ मिलिमीटरवर सरकलेले होते. ती म्हणाली, “आई, हात दुखतच नाहीत.” वजनापेक्षा तिला हेच अधिक मोलाचे वाटते आहे, आणि ते बरोबर आहे.

२२ डिसेंबर

फोर्क बदलताना स्टेम सुटला, तेव्हा हँडलवर पकडीच्या काठाशी पूर्ण गोल खरवडलेली रेघ दिसली. पूर्वी कोणीतरी बोल्ट अंदाजाने आवळले असावेत. रेघ नखाला लागते. पेनेट्रंटने भेग दाखवली नाही. परंतु जेथे वाकवणारा जोर सर्वांत जास्त, नेमक्या त्याच जागी कोरलेली खाच म्हणजे भेगेला दिलेले आमंत्रणच. हँडल बदलले. नवे पकडीजवळ जाड आणि टोकांकडे पातळ, २८५ ग्रॅमचे. जुने ३३० होते. ४५ ग्रॅम वाचले, पण ते एक ग्रॅमनेही हलके नसते तरी मी बदलले असते. चारही बोल्ट टॉर्क पान्ह्याने, आलटून पालटून, पाच न्यूटन-मीटरवर. कार्बनचे हँडल आणखी सत्तर-ऐंशी ग्रॅमने हलके मिळते. मात्र कार्बनला आतून इजा झाली तर ती वरून दिसेलच असे नाही आणि माझ्याकडे ती पाहण्याचे साधन नाही. ज्याची तपासणी मला करता येत नाही, तो भाग तिच्या हाताखाली द्यायचा नाही.

टायटॅनियमच्या बोल्टांचाही हिशेब केला. ब्रेकच्या डिस्कचे बारा बोल्ट बदलून दहाएक ग्रॅम वाचतात. सोडून दिले. मागची १६० मिलिमीटरची डिस्क १४० करण्याचा सल्लाही नाकारला; यवतेश्वरच्या उतारावर ब्रेक तापतात आणि त्या उष्णतेला धातूच लागतो.

५ जानेवारी २०२५

सीटपोस्ट ३५० मिलिमीटर लांब, त्यातले १४० बाहेर आणि २१० सांगाड्याच्या आत. आतल्या टोकाचे सत्तर मिलिमीटर कापले, ३८ ग्रॅम निघाले, खर्च शून्य. आत राहिलेले १४० मिलिमीटर वरच्या नळीच्या वेल्डच्या बरेच खाली जातात, तसे ते जायलाच हवेत. नाहीतर पोस्टचा सगळा जोर सांगाड्याच्या मोकळ्या काठावर येतो. मुलगी अजून वाढते आहे, म्हणून उद्या सीट तीस-चाळीस मिलिमीटरने वर घ्यावी लागली तरी पुरेसा भाग आत राहील. कापताना मूळची किमान खोलीची खूण निरुपयोगी झाली, म्हणून नवी खूण शंभर मिलिमीटरवर कायम शाईने केली. काठ कानशीने मोडून गुळगुळीत केला.

सीट ४०५ वरून २८५ ग्रॅम, पेडल ४२० वरून ३४५. हिशेबाने सायकल १२.३५७ किलो.

१९ जानेवारी

पूर्ण सायकल पुन्हा आकडीला टांगली : १२.३९ किलो. वहीतल्या बेरजेपेक्षा ३३ ग्रॅम जास्त. खालच्या नळीला दगडांपासून वाचवणारी पट्टी लावली होती आणि तिचे वजन लिहायचे राहिले होते. उरलेली चिमूटभर तफावत ग्रीसची आणि मोठ्या काट्याच्या दहा ग्रॅमच्या टप्प्यांची असावी. एकूण २.९५ किलो कमी झाले.

२ फेब्रुवारी

त्याच नाडीवर तीन सकाळच्या वेळा : ३९ मिनिटे २० सेकंद, ३९ मिनिटे ४५ सेकंद, ३९ मिनिटे ५ सेकंद. सरासरी ३९ मिनिटे २३ सेकंद, म्हणजे पहिल्यापेक्षा एक मिनिट बावन्न सेकंद कमी. ती स्वतः, तिचे कपडे-बूट-पाणी आणि सायकल मिळून पूर्वी सुमारे ७०.३ किलो वर जात होते, त्यातले २.९५ किलो म्हणजे ४.२ टक्के. घाटात वेग कमी असल्याने हवेचा अडथळा थोडाच असतो आणि जवळजवळ सगळी शक्ती वजन उचलण्यात जाते, त्यामुळे वेळही तेवढ्याच टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १०४ सेकंदांनी कमी व्हावी. प्रत्यक्षात ११२ आली. आकडे इतके जुळल्याने मला समाधान वाटायला हवे होते, पण वाटले नाही. चार महिन्यांत तिचे पायही घडले आहेत, टायरही बदलले आहेत. यातले वजनाचे किती आणि इतरांचे किती, हे या वेळांवरून सांगता येत नाही.

तिनेच उपाय काढला : “काढलेलं वजन परत घालून चढते ना मी. पाणी भरून.”

१६ फेब्रुवारी

दोन आठवडे, एका दिवसाआड, आळीपाळीने पाहिले. एके दिवशी सांगाड्याच्या त्रिकोणात बांधलेल्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून बरोबर २.९५ किलो वजन घातले, पुढच्या खेपेस पिशवी रिकामी ठेवली. सायकल तीच, टायर तेच, हवा तीच, पाय तेच. प्रत्येकी तीन खेपा झाल्या. पाण्यासह सरासरी ४० मिनिटे ३० सेकंद, पाण्याशिवाय ३८ मिनिटे ५० सेकंद. शंभर सेकंद, ४.१ टक्के. वजनाचा वाटा आता निश्चित झाला. पाण्यासहची वेळ ऑक्टोबरच्या वेळेपेक्षा ४५ सेकंदांनी कमी आली आहे, तेवढे तिच्या सरावाचे आणि टायरचे.

नव्या स्पोकना तीन महिने झाले. मिस्त्रींनी आज दोन्ही चाके स्टँडवर चढवून स्पोक टिचकीने वाजवून पाहिले, मागच्या डाव्या अंगाचे चार स्पोक पाव-पाव फेरा आवळले आणि औट पुन्हा काढला. ट्यूबलेसचे द्रव मागच्या चाकात निम्म्याहून कमी उरले होते, ते भरले. उन्हाळ्यात ते लवकर वाळते, म्हणून पुढची तपासणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लिहून ठेवली आहे. हँडलची पकड त्याच वेळी सोडून भिंगाखाली पाहायची आहे.